दुसरी हाक

चोर्ला घाटातल्या वळणावर चाचणीची गाडी उभी होती. इंजिन चालू, आत कोणी नाही. समोरच्या कठड्यावर तिघं बसले होते: इंजिनीयर योगिता, ड्रायव्हर श्रीनाथ आणि पेडण्याचे जुने ड्रायव्हर गोकुळदास. मोबाइलला रेंज नव्हती. गाडीतल्या पेटीने उपग्रहावरून मेसेज पाठवायचा आणि तो योगिताच्या हातातल्या यंत्रावर यायचा, एवढंच काम.

पेटी नवी नव्हती. गेल्या पावसात श्रीनाथचा धाकटा भाऊ राजेश याच वळणाखाली गाडीसकट दरीत गेला. तो सापडला दुसऱ्या दिवशी. त्याच्या गाडीतली ही पेटीही सापडली. अपघातानंतर ती चालते का, ते कंपनीला बघायचं होतं.

"चाय पिऊक गेलो काय गे तुमचो उपग्रह?" गोकुळदासनी विचारलं.

तेवढ्यात यंत्र वाजलं. योगिताने वाचलं आणि ते श्रीनाथच्या हातात दिलं.

'दादा, गाडी दरीत गेली. पाय अडाकलो.'

उत्तर लिहायला श्रीनाथचं बोट अक्षरांकडे गेलं. गोकुळदासनी त्याचं मनगट धरलं.

"पयल्या हाकेक ओ दिवची न्हय. तिसरीची वाट पळय. मेलेलो तीनदा हाक मारिना."

"काका, जुने मेसेज आहेत," योगिता हळू म्हणाली. "दरीत झाडांखाली आकाश दिसत नव्हतं. पेटीतच अडकले. आता सुटतायत."

यंत्र पुन्हा वाजलं.

'दादा, ऐकतंस मां?'

तिघं थांबले. एक बस हॉर्न देत वर गेली. घाट पुन्हा शांत झाला. तिसरा मेसेज आला नाही.

"काका, हात सोडा."

"घरात ल्हान पोरां आसत तुझी."

"दोनदा मारल्यान त्याने हाक," श्रीनाथ म्हणाला. "तिसरी मारूक तो उरलो नासतलो."

गोकुळदासची बोटं सैल झाली. श्रीनाथने लिहिलं, 'ओ रे. हंयच आसंय.' आणि पाठवलं.

क्षणभराने रिकाम्या गाडीत पेटी वाजली.

"पोचला," योगिता सवयीने बोलून गेली, आणि तिने गाडीकडे पाहिलं.

निघताना गोकुळदासनी पुढच्या सीटवरची आपली पिशवी उचलली आणि ते मागे योगिताशेजारी जाऊन बसले. पुढचं दार त्यांनी उघडंच ठेवलं. श्रीनाथ स्टिअरिंगमागे बसून थोडा थांबला. मग हात लांब करून त्याने ते ओढून घेतलं.