आखाजीचा झोका

ऐन निवडणुकीत हाणामारीच्या गुन्ह्यात चारुलताचा धाकटा भाऊ आत गेला आणि विरोधकांनी गेल्या आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा फोटो चोपड्याच्या चौकाचौकात लावला. फोटोत चारुलता झोक्यावर बसलेली, भाऊ मागून झोका देतोय. खाली ठळक अक्षरं: “गुंडाच्या झोक्यावर उमेदवार!” पक्षाच्या लोकांनी कागद पुढे केला: ‘भावाशी माझा काडीचाही संबंध नाही.’ तिनं सही केली, पेपरात छापूनही आलं. यंदाच्या आखाजीला ती माहेरी असोद्याला गेली, तर अंगणातल्या निंबाला नव्या दोराचा झोका टांगलेला. “आई, कोणी बांधला?” “त्यानंच. काल जामीन झाला. पहाटे उठून झोका बांधला अन् मामाकडे निघून गेला. म्हने, ताईसोबत माझा फोटो निघायला नको.” चारुलतानं दोर धरला, पण तिला बसवेना. आईला वाटलं, पोरगी नव्या दोराला घाबरतेय. “बस व माय,” ती म्हणाली, “त्यानं सोता दोनदा बसून पाह्यलाय.”