दोन साक्षीदार

शनिवारी सकाळी बायबल वाचता वाचता समाधानचं बोट एका ओळीवर थांबलं आणि पुढे सरकेना.

पास्टर माणूस तो. रविवारच्या संदेशासाठी इकडेतिकडे शोधत फिरायचं नाही, रोजच्या आपल्या वाचनात जे अंगावर येईल तेच मंडळीपुढे ठेवायचं, हा त्याचा नेम. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं तो सगळ्यांना सांगायचा. सगळ्या मंडळीला रोज तोच अध्याय वाचायची सवयही त्यानंच लावली होती. हौस दांडगी! आज नाबोथचा अध्याय होता. राजाला गरिबाचा मळा हवा असतो, गरीब देत नाही, मग दोन खोटे साक्षीदार उभे केले जातात आणि गरीब जिवानिशी जातो. या राजावर समाधान पूर्वी घसा फोडून बोलला होता. आज राजा त्याला दिसेचना. दिसत होते ते साक्षीदार.

दिसणार नाहीत तर काय? सोमवारी त्याला स्वतःलाच साक्ष द्यायची होती. वरसाव्याच्या जाईबाईची भाजीची वाडी आत्मारामशेठना हवी होती. हायवेला लागून, सोन्याचा तुकडा. तिचा नवरा नागोराव गेला तेव्हा उशाशी प्रार्थनेला समाधान एकटाच होता. ‘वाडी शेठना लिहून दिली असं तो मरताना माझ्याजवळ बोलला’, एवढंच कोर्टात म्हणायचं. नागोराव तसलं काही बोललाच नव्हता. पण शांती नगरातला प्रार्थनेचा गाळा शेठचा, राहायचं घर शेठचं, आणि समाधान हो म्हणून बसला होता.

“आज वाचून दाखवत नाही ते?” ममतानं, त्याच्या बायकोनं, ओट्याजवळून विचारलं.

“घसा बसलाय,” तो म्हणाला. बोट साक्षीदारांवर अडलंय, हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

संध्याकाळी शेठ स्वतः घरी आले. आवाज नेहमीसारखा मऊ.

“मीपण वाचला हां आजचा अध्याय,” खुर्चीत टेकत ते म्हणाले. “उद्या राजावर बोला. खुशाल बोला, हवं ते बोला. राजांना सवय असते.” ममतानं दिलेलं पाणी त्यांनी सावकाश संपवलं. “त्या दोघांवर मात्र नको. छोटी माणसं असतात हो ती, बायकापोरांची. त्यांना काही झालं की आपल्यालाच वाईट वाटतं.”

ते गेल्यावर ममतानं दाराची कडी लावली. पुन्हा जाऊन ती नीट लागलीय ना, तेही पाहून आली.

रविवारी गाळा भरला होता. संदेशाआधी आठवड्याच्या वाचनावर कुणीही प्रश्न विचारावा, ही प्रथाही समाधानचीच. बायकांच्या रांगेतून जाईबाई उठली. शेठचा साक्षीदार कोण, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

“पास्टर, सुनंनं वाचून दावला मना,” ती म्हणाली. “राजाचा नाव हाय, राणीचा नाव हाय. खोटा बोलले त्या दोघांचा नाव न्हाय. कोन व्हते ते?”

लिहिलेलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. समाधानला ते कळत होतं. त्यानं समोरचं बायबल मिटलं.

“एकाचं मला ठाऊक आहे, जाईबाई,” तो म्हणाला.

पहिल्या रांगेतून आत्मारामशेठ उठले. सगळ्यांच्या मधून वाट काढत मागे गेले आणि गाळ्याचं शटर त्यांनी जमिनीपर्यंत खाली ओढलं.

“सांगा ना पास्टर,” ते म्हणाले. “आता बाहेर काही ऐकू जात नाही.”