पीटचं तोंड धुणं

“मॅडम, तेवढं तोंड धुवायचं पडद्यामागं घ्या की,” बबिता दारातूनच म्हणाली.

मंजुषाबाईंनी हातातली पुठ्ठ्याची टोपी खाली ठेवली. राणीसावरगावच्या शाळेचं संमेलन उद्यावर आलं होतं आणि त्यात मुख्य काम करणाऱ्या अर्पिताची ही आई आता नाटकाचा शेवटच बदलायला सांगत होती.

“अहो, नाटकाचा जीवच तिथं आहे. पडद्यामागं धुतलं तर लोकांना काय दिसणार?”

“थंडी लय पडायलीय.”

“मी गरम पाणी ठेवते. मग तर झालं?”

बबिता काहीतरी बोलणार होती. मग नुसतीच “बरं” म्हणून वळली.

गावचा बालाजी हॉलंडात नोकरीला होता. त्यानं तिथल्या सणाचा व्हिडिओ शाळेला पाठवला होता. पांढऱ्या दाढीचा संत निकोलस घोड्यावरून मिरवतो आणि त्याचा नोकर पीट पोरांना खाऊ वाटतो. पीट होणारे गोरे लोक तोंडाला काळा रंग फासायचे, ओठ लाल करायचे, माकडचाळे करायचे. त्यावरून तिथं भांडणं पेटली. काही म्हणाले, पोरांचा खेळ आहे, धुराड्यातून उतरतो म्हणून बिचारा काळा. काही म्हणाले, ही काळ्या माणसांची टवाळी आहे.

मंजुषाबाई हे वर्गात सांगत होत्या, तेव्हा प्रियांकानं विचारलं होतं, “मॅडम, काजळी असंल तर तोंड का धूत न्हाई तो?”

पोरं कधीकधी असं बोलून जातात, की शिकवणाऱ्यानं आपली पाटी पुसून त्यांच्यापुढं बसावं. त्या एका प्रश्नावर मंजुषाबाईंनी नाटक लिहिलं. शेवटी पीट सगळ्या गावासमोर तोंड धुतो, काजळी जाते आणि लोकांना कळतं, अरे, हे तर आपलंच लेकरू!

पीट निवडताना त्यांनी आपला नेहमीचा नियम पाळला. खुर्चीत डोळे मिटून बसायचं आणि एकेकाचं वाचन ऐकायचं. रूप नाही, कपडे नाहीत, आडनाव नाही. फक्त आवाज. अर्पिताचा आवाज घंटेसारखा खणखणीत होता.

“हीच आपला पीट,” त्या म्हणाल्या. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. नव्या गोष्टीला पोरं हसतातच.

गंगाखेडहून आणलेली रंगाची डबी एकच, म्हणून तालमी बिनरंगाच्या झाल्या. सगळं नाटक अर्पिता झोकात करायची. बादलीपाशी आली की तिचा आवाज बसायचा.

“मॅडम, मला पीट व्हायचंय. पन धुतल्यावर लोकं हसली तर?”

“वेडी कुठली! तेव्हाच तर टाळ्या पडतील.”

संमेलनाला पटांगण गच्च भरलं. अर्पितानं खाऊ उधळला, गाणं म्हटलं, शिट्ट्या घेतल्या. मग ती वाफाळत्या बादलीपुढं बसली. पहिल्याच ओंजळीला पाणी शाईसारखं झालं. तिनं खसाखसा तोंड धुतलं, मान वर केली आणि शेवटचं वाक्य म्हटलं, “आता तरी वळखलं का मला?”



“आगं, अजून राहिलाय की!” मागून आवाज आला.

हशा उसळला. अर्पितानं परत धुतलं.

“घास, घास! साबन द्या रे तिला!”

“साबनानं काय व्हतंय? घासणी आना!”

मंजुषाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गंगाखेडच्या त्या दुकानदारानं काय रंग गळ्यात मारला होता कुणास ठाऊक! एवढं गुणी नाटक एका डबीपायी मातीत चाललं होतं. साबणाची वडी घेऊन त्या तशाच मंचावर धावल्या.

“डोळे मीट बाळा. आत्ता निघतो.”

त्यांनी तिचं कपाळ घासलं, गाल घासले, मान घासली. अर्पितानं बादलीचा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवला. पहिल्या रांगेत बबिता तोंडात पदर कोंबून बसली होती.

“जोरात, मॅडम, जोरात!” लोक ओरडत होते.

मंजुषाबाईंनी आणखी जोर लावला आणि किती निघालं ते बघायला हात उजेडात धरले. बोटांवरचा फेस पांढराशुभ्र होता.