इल्होमच्या झाडाचं दार

मुलगा झाला की आमच्याकडे अंगणात पॉप्लर लावतात. पुढे त्याच्या लग्नाच्या घराला त्याच झाडाच्या तुळया घालतात. माझा इल्होम रशियात कामाला गेला आणि बंद पेटीतून परत आला. मग मी त्याचं झाड पाडलं आणि नोरकुझी सुताराला त्याचं दार करायला सांगितलं.

दुपारी दार अंगणात विटांवर आडवं ठेवलं होतं. खाली वीतभरही जागा नव्हती. तिथून टकटक ऐकू आली.

सुताराने रंधा थांबवला. “ओलं लाकूड आहे आपा. उन्हात वाजतं.”

त्याने दार उलटं केलं. विटांमध्ये नुसता भुसा होता. टकटक पुन्हा खालूनच आली, अगदी हलकी.

मी चहा ओतत होते. “उशीर झाला की तो असंच वाजवायचा. बाप उठू नये म्हणून.”

सुतार माझ्याकडे बघेना. पिशवीतून कडी काढत म्हणाला, “आपा, कडी कुठल्या बाजूने लावू?”

“कडी नकोच.”

त्याने कडी पिशवीत टाकली. टकटक थांबली.

मी तिसरा पेला भरला. दाराची एक कड विटांवरून सावकाश वर उचलली गेली.