खुर्चीत बसवलेलं मयत

कावेरी जाऊन सहा महिने झाले होते. आज तिच्याच नवऱ्याशी तिच्या धाकट्या बहिणीची, वर्षाराणीची, सुपारी फुटली. त्या खुशीत जावई संगमेश्वर परळीहून भाड्यानं व्हीसीआर घेऊन आला.

"सोंगट्या-फाशाच्या एका खेळावरनं काढलाय ह्यो पिच्चर, मामी. खुनाचा हाय, पर लई हसायला येतंय."

टीव्हीवर पाहुण्यांनी मेलेल्या मालकाला खुर्चीत नीट बसवलं, तसं सगळं घर हसून लोळलं. सासूबाईंनी, बसम्मानं, मात्र हात जोडले. लिंगायतांत मयताला असंच बसवून निरोप देतात.

"हात कावून जोडता? आता बगा, समदे मिळून हुडकायलेत, कुणी मारलं ते."

बसम्मा टीव्हीकडंच बघत राहिली. मग दळताना ओवी यावी तशा हळू सुरात म्हणाली, "वर्षे, ऊठ तिथनं. ही सोयरीक व्हायची न्हाई."

"मामी! झालं काय?"

"परक्या मयतासाठी किती इचारपूस करायलेत, जावईबापू. माज्या कावेरीला बसवलं, तवा कुणीच काई इचारलं न्हाई. तिच्या गळ्यावरचे तुमच्या बोटांचे वळ मीच इभूत फासून झाकले व्हते."