अठरा खिळे

अठराही खिळे रिकामे होते.

सेक्रेटरींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चष्म्याचा काही दोष नव्हता. शनिवारी याच भिंतीवर बुटांचे तेरा जोड लटकत होते. चार दिवस लेकीकडे काय जाऊन आले, भिंत भुंडी झाली.

या फुटबॉल क्लबात पुढच्या हंगामाचं कोणी कोणाला विचारत नसे. शेवटचा सामना संपला की ज्याला राहायचं तो आपले बूट मागच्या खोलीत आपल्या नंबराच्या खिळ्याला अडकवी. ज्याला जायचं तो बूट काखोटीला मारून चालू लागे. ना रुसवा, ना निरोप. सेक्रेटरी जन्मभर गोदामाचे स्टोअरकीपर होते, त्यांना ही पद्धत फार मानवली होती. खिळे बघायचे आणि वहीत दोन रकाने भरायचे, 'राहणार' आणि 'जाणार'. बायको म्हणे, मला कुठल्या रकान्यात टाकलंय तेवढं एकदा सांगून ठेवा.

यंदा क्लब तळाला राहून खालच्या गटात घसरला होता. पाच जण गेले, त्यातले तिघे थेट पुलापलीकडच्या बड्या क्लबात. तरी सेक्रेटरींनी वहीत नवा संघ मांडला होता. डावा बचाव म्हणजे उघडी धर्मशाळा, कोणीही यावं नि आत शिरावं. तिथे राखीव संघातला एक काटक गडी घ्यायचा. दुसरा राखीव मधल्या फळीत. सेंटर फॉरवर्ड लग्नानंतर जरा सुटला होता, पण हेडर मारायला कंबर लागत नाही. आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी बसलेल्या ड्रॉइंग मास्तरांना पुन्हा उभं करायचं. भिंतीवरचे तेरा आणि हे तीन, झाले सोळा. लीगच्या फॉर्मवर किमान सोळा सह्या लागत. फॉर्म आज चारपर्यंत पोचला नाही, तर क्लब बाद.

आणि आता तेराच्या तेरा जोड गायब.

ऑफिसात अध्यक्ष वाट बघत होते. त्यांनी पत्र टाइप करूनच आणलं होतं. क्लब लीगमधून माघार घेत आहे आणि मैदान पुलापलीकडच्या क्लबाकडे सोपवत आहे, असा मजकूर. बदल्यात तिथल्या कार्यकारिणीत अध्यक्षांची खुर्ची ठरली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसल्यासारखे वागत होते ते एकटे अध्यक्ष. रविवारी त्यांनी मैदानाच्या फाटकाला नवं कुलूपही ठोकलं होतं. उरली होती ती सेक्रेटरींची सही.

"खिळा खोटं बोलत नाही, हे तुमचंच वाक्य ना, भाऊ?" अध्यक्षांनी पेन पुढे केलं. "करा सही आणि मोकळे व्हा."

सेक्रेटरींनी पेन घेतलं. पत्र बाजूला सारलं. लीगचा फॉर्म ओढून पहिल्याच ओळीत, गोलकीपरच्या जागी, स्वतःचं नाव लिहिलं आणि सही केली. वयाच्या रकान्यात लिहिलं, त्रेसष्ट.

अध्यक्ष इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले की नियमांत किमान वय दिलंय, कमाल दिलेलं नाही, आणि उरलेल्या ओळींना चारपर्यंत मुदत आहे. घड्याळात पावणेतीन झाले होते. त्या ओळी भरणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं. पण ओळ रिकामी राहणं वेगळं आणि आपल्या हाताने तिच्यावर काट मारणं वेगळं.

तेवढ्यात कॅप्टन आत आला. हा बस चालवायचा. घाई अशी त्याला कधी माहीत नव्हती. आज मात्र धापा टाकत आला आणि पुसलेल्या फरशीवर लाल मातीचे ठसे उमटवत टेबलापर्यंत पोचला. दारावर सेक्रेटरींच्याच अक्षरातली पाटी होती, 'बूट बाहेर'.

"पाटी दिसत नाही?" अध्यक्ष कडाडले. "बूट काढ आधी."

"काढले तर खिळ्याला लावावे लागतील, साहेब," कॅप्टन म्हणाला. "आणि सध्या सवड नाही. तुम्ही मैदानाला कुलूप लावलंत, त्या दिवसापासून आम्ही वीटभट्टीमागे सराव करतोय."

हंगाम सुरू व्हायला महिना असताना कोणी बुटाला हात लावल्याचं या क्लबाच्या इतिहासात नव्हतं. म्हणून सेक्रेटरींच्या डोक्यात ते आलंच नाही. ते उठून दारापाशी गेले. व्हरांड्यात रांग लागली होती. तेरातले बाकीचे बारा, राखीवातले दोघे आणि शेवटी गुडघ्याला पट्टा आवळलेले मास्तर. सगळ्यांचे बूट लालेलाल.

कॅप्टनने फॉर्मवरची पहिली ओळ वाचली. हसू दाबत म्हणाला, "काका, तुम्हाला बदली गोलकीपर म्हणून बाकावर बसवलं तर चालेल?"

"आधी सही कर. मग बघू."

एकेकाने सही केली. फॉर्मवर लाल बोटं उमटली. सव्वातीनला सतरा ओळी भरल्या. अध्यक्षांनी पत्राची घडी करून खिशात घातली आणि ते उठले. सेक्रेटरींनी फाटकाची किल्ली तेवढी टेबलावर ठेवायला सांगितली. ती ठेवल्याचा आवाज आला, मगच त्यांनी वही उघडली.

'राहणार'मधल्या तेरा नावांना हात लावावा लागला नाही. 'जाणार'मध्ये पाच नावं होती. त्यांखाली सेक्रेटरींनी सावकाश, वळणदार अक्षरात सहावं लिहिलं: अध्यक्ष.