दोन मिलिमीटर

ओत्तोरिनो मास्तरांनी पदकाच्या कडांना कॅलिपर लावला, आकडा वाचला आणि चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही.

अडुसष्ट मिलिमीटर.

वीस वर्षं ते याच आकड्याच्या मागावर होते. ब्राँझच्या पदकावर काउंटेस जिनेव्रा होती. केसांना जाळी, नाक वर, पाचशे वर्षांची मिजास जशीच्या तशी. मागच्या बाजूला एका पायावर उभा बगळा. आजवर मास्तरांनी तिच्या सगळ्या नकलाच पाहिल्या होत्या, आणि सगळ्या सहासष्टच्या. ओतलेलं ब्राँझ थंड होताना आकसतं, त्यामुळे अस्सल पदकाचा साचा घेऊन काढलेली नक्कल थोडी लहानच भरते. मांतुआतल्या कुठल्याही पदकवेड्याला झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल.

"किती भरलं, मास्तर?" एर्सिलियाबाईंनी विचारलं. त्यांचे यजमान, नोटरी लेआर्को, जाऊन दोन महिने झाले होते.

"सहासष्ट," मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांचे कान तापले. परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोरांना चाळीस वर्षं वर्गाबाहेर काढणारा हा माणूस.

"म्हणजे हे अस्सल नाही?"

"नक्कल आहे, वहिनी. चांगली आहे, पण नक्कलच. लेआर्कोच्या मनाला लागेल म्हणून मी कधी बोललो नाही."

हे शेवटचं वाक्य कुठून आलं ते त्यांचं त्यांनाच कळेना. मेलेल्या मित्राला मध्ये ओढायची काही गरज नव्हती.

एर्सिलियाबाईंनी पदक हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हे शेवटी मला म्हणाले होते, मास्तर सांगतील तो आकडा खरा मान. बरं झालं तुम्ही आलात. परवा प्रिमोही हे पदक बघायला येणार आहे."

"प्रिमो? न्हावी?" मास्तर हसले. लेआर्कोकडच्या गुरुवारच्या बैठकीत प्रिमो कोपऱ्यात बसायचा आणि पदकांवरचं लॅटिन चुकीचं वाचून सगळ्यांची करमणूक करायचा. "तो वस्तऱ्यानं माप घेईल! वहिनी, हे मला द्याल? आठवण म्हणून. प्रिमोला दुसरं काहीतरी दाखवा."

"दाखवीन ना. केक घ्या, मोडा. सुरी लागत नाही त्याला."

बाई पदक घेऊन कपाटाकडे गेल्या. खण उघडून त्यांनी लेआर्कोचा रुमाल काढला आणि पाठमोऱ्या उभ्या राहून दोऱ्यानं सावकाश गाठी मारू लागल्या. त्यांच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. बाई घंटा ओतणाऱ्याची मुलगी. लेआर्कोला अभ्यासासाठी नकला लागत, त्या याच हातांनी मागच्या अंगणात ओतलेल्या. मास्तर बदामाच्या केकचा भुगा करत बसले. तिकडे बघायची त्यांना हिंमत होईना.

"याचं काय द्यायचं, वहिनी?"

"आठवणीचे कसले पैसे?"

हे तर फारच झालं. दोन पैसे घेतले असते तर तेवढा तरी आडोसा मिळाला असता.

घरी येऊन त्यांनी पुरचुंडी लोकरी बनियनांखाली ठेवली. रात्री उघडू म्हणाले, मग उद्या, मग रविवारी. हात गाठीपर्यंत जायचा आणि मागे यायचा. लेआर्कोचा रुमाल होता तो; कोपऱ्यात त्याच्या नावाची अक्षरं भरलेली. हवी ती वस्तू घरात आली होती आणि मास्तर तिचं तोंड पाहू शकत नव्हते. स्वतःचंही नीट पाहत नव्हते. दाढी करताना दोनदा कापलं.

त्यातून पदकांवरचं त्यांचं पुस्तक शेवटच्या प्रकरणात येऊन थांबलं होतं. पदकाचं वर्णन त्यांनी घडाघडा लिहिलं. जाळी, नाक, बगळा. मग 'व्यास' एवढा शब्द लिहिला आणि पेन अडलं. अडुसष्ट लिहावं तर छापील पुस्तक पहिल्यांदा वहिनींच्या हाती जाणार, आणि त्या ते अक्षर न् अक्षर वाचणार. सहासष्ट लिहावं तर अस्सल जिनेव्राला आपल्याच हातानं खोटी ठरवायची आणि वीस वर्षं बंबात घालायची.

एकदा चौकात प्रिमोनं हाक मारली. "मास्तर! अहो मास्तर, तुम्हाला एक गंमत दाखवायचीय!" मास्तर ऐकलंच नाही असं दाखवून पलीकडच्या फुटपाथवर गेले. न्हाव्याच्या साध्या डोळ्यांचीही त्यांना भीती वाटू लागली होती.

तीन आठवडे त्यांनी हे सोसलं. चौथ्या सोमवारी सकाळी पुरचुंडी खिशात घालून ते एर्सिलियाबाईंच्या स्वयंपाकघरात उभे राहिले. बाई लाल भोपळ्याचं सारण कणकेच्या चौकोनांत भरत होत्या.

"बसा ना."

"नको. आधी ऐका. मी खोटं बोललो, वहिनी. ते अडुसष्ट होतं, अस्सल. आणि लेआर्कोचं नाव घेतलं तेही खोटं. मला लाज वाटते, इतकी की ही गाठसुद्धा मी सोडली नाही. हे तुमचं तुम्ही घ्या."

इतकं बोलून त्यांना खूप हलकं वाटलं. आता बाई रागावतील, घराबाहेर काढतील; चालेल. आणि मनाच्या अगदी तळाशी, लाज वाटत असतानाही, एक लबाड आशा होती की वहिनी म्हणतील, असू दे मास्तर, तुमच्याकडेच असू दे.

एर्सिलियाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पिठाचे हात पुसले आणि कात्री मास्तरांपुढे सरकवली.

"कॅलिपर आणलाय?"

तो त्यांच्या खिशात नेहमीच असे.

"मग मोजा."

मास्तरांनी दोरा कापला. रुमालातून तीच जाळी, तेच वर केलेलं नाक बाहेर आलं. त्यांनी कॅलिपर लावला. काढला, बाहीला पुसला आणि पुन्हा लावला. मग पदक थोडं फिरवून तिसऱ्यांदा.

सहासष्ट.

"तुमचाच आकडा खरा मानला, मास्तर," बाई पुढचा चौकोन दुमडत म्हणाल्या. "तुम्ही सहासष्ट म्हणालात, तुम्हाला सहासष्टचं दिलं. प्रिमो अडुसष्ट म्हणाला."